जमिनीखालचे सांधे

आरंभीच एक कबुली दिली पाहिजे. संयोजकांनी मला ‘कामगार चळवळीचा इतिहास’ असा ऐसपैस विषय सुचवला होता. तो मी बदलून मागितला. चळवळीचा इतिहास सांगू लागले की परिषदा, ठराव, संप आणि पुढारी यांचीच नावे पुढे येतात. ज्या कामासाठी माणूस संपावर जातो ते काम असते कसे, त्यात त्याचा हात, डोळा आणि डोके किती लागते, हे सांगावयाचे राहूनच जाते. म्हणून मी आज एका कामाचा इतिहास सांगणार आहे. हे काम रस्त्याच्या कडेला खड्ड्यात बसून केले जाते, आणि पूर्ण झाले की त्यावर माती लोटतात. उच्च दाबाची वीज वाहून नेणाऱ्या भूमिगत केबली जोडण्याचे ते काम. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विजेविषयी मला जे थोडेफार कळते ते काही युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून आणि बरेचसे माझ्या मामांच्या तोंडून मिळालेले आहे. मामा मुंबईस एका वीज कंपनीत केबल-जॉइंटर होते.

भाट्याच्या श्रोत्यांना वाऱ्याचे वर्णन सांगण्याचा वेडेपणा मी करणार नाही. 11 नोव्हेंबर 2009 चे फयान, 2020 च्या जूनमधले निसर्ग, 2021 च्या मेमधले तौक्ते ही तिन्ही नावे येथे घरोघरी ठाऊक आहेत. माड तारेवर पडतो, तार खांबाला ओढते, एक खांब शेजारच्या खांबाला घेऊन खाली येतो, आणि मग काजळी नदीच्या अलीकडे आणि पलीकडे, भाट्यात आणि राजिवड्यात, सारखाच काळोख होतो. तेव्हा तारा जमिनीखाली न्याव्यात हा विचार योग्यच होता. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पात अलिबाग आणि रत्नागिरी या शहरांसाठी तसे काम हाती घेण्यात आले. मी त्याच्या बाजूचा आहे. तथापि या निमित्ताने एक वाक्य मी सर्वत्र ऐकतो, “एकदा तार जमिनीत गेली की चिंता मिटली.” माझे भांडण आहे ते या वाक्याशी.

खांबावरची तार उघडी असते. ती तुटली तर पोरालाही दिसते, आणि वायरमन शिडी लावून ती जोडतो. जमिनीतली केबल तशी नाही. ती लाकडी ड्रमवर गुंडाळून येते. ड्रमच्या आकाराला आणि ट्रकला पेलणाऱ्या वजनाला मर्यादा असल्यामुळे एका ड्रमवर काही शे मीटरच केबल मावते. समजा, ड्रमवर अडीचशे मीटर केबल आहे आणि दहा किलोमीटर अंतर जावयाचे आहे, तर चाळीस तुकडे लागतील आणि एकोणचाळीस सांधे. कारखान्यात बनलेली केबल यंत्राच्या पोटातून, सारख्या उष्णतेत, धूळ नसलेल्या जागी तयार होते. सांधा मात्र पावसात, उन्हात, गटाराच्या शेजारी, माणसाच्या हाताने होतो. केबलीचे दोष शोधणाऱ्या कोणाही अनुभवी माणसाला विचारा, तो आधी सांध्याकडे बोट दाखवील.

हा प्रश्न विजेइतकाच जुना आहे. लंडनच्या पूर्वेकडे डेप्टफर्ड येथे फेरांटी नावाच्या एका तरुण इंजिनियराने 1880 नंतरच्या दशकात प्रचंड वीजघर बांधावयास घेतले. त्याचे वय पंचविशीच्या आतबाहेर. गावाबाहेर, नदीकाठी, कोळसा स्वस्त मिळतो तेथे वीज निर्माण करावयाची आणि 10,000 व्होल्टांच्या दाबाने शहराच्या मध्यभागी आणावयाची, असा त्याचा बेत होता. इतक्या दाबाची कल्पनाच त्या काळी लोकांना भयंकर वाटे. बाजारात मिळणाऱ्या केबली या दाबाखाली टिकेनात, तेव्हा त्याने स्वतःची केबल बनवली. आत तांब्याची नळी, तिच्यावर मेणासारख्या खनिज द्रव्यात भिजवलेला तपकिरी कागद, त्यावर दुसरी तांब्याची नळी आणि सर्वांवर लोखंडी नळ. परंतु असली कडक केबल गुंडाळता येत नाही! म्हणून ती वीस-वीस फुटांच्या तुकड्यांनी घालावी लागली. हिशेब करून पाहा, एका मैलाला 264 सांधे. तुकड्याचे एक टोक पेन्सिलीसारखे निमुळते तासावयाचे, दुसऱ्याच्या तोंडात तेवढीच निमुळती पोकळी करावयाची, आणि तापवून एकात एक दाबून बसवावयाचे. त्यांतले काही तुकडे 1933 पर्यंत काम देत होते.

या केबलीची एक हकीकत विजेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. दाब चालू असताना केबलीत पोलादी छिन्नी ठोकली तरी ठोकणारा मरत नाही, हे फेरांटीला शंकेखोरांना दाखवावयाचे होते. बाहेरची तांब्याची नळी जमिनीशी जोडलेली असे, म्हणून छिन्नी आतल्या नळीला टेकली की वीज छिन्नीतून बाहेरच्या नळीत जाई, माणसाच्या अंगात जात नसे. प्रयोग यशस्वी झाला. पण छिन्नी फेरांटीने धरली नव्हती. ती त्याच्या एका सहायकाने धरली होती, आणि वरून घण दुसऱ्याने मारला होता. शास्त्र बरोबर होते यात शंका नाही. तरीसुद्धा, बरोबर आहे की नाही हे ज्याच्या मुठीवर ठरावयाचे होते त्या माणसाकडे मला आधी पाहावेसे वाटते. ही छिन्नी आपण लक्षात ठेवू, तिचे काम पुढे पडणार आहे.

आपल्याकडे मोठा प्रारंभ मुंबईस झाला. 11 फेब्रुवारी 1915 रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी कळ दाबली आणि टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईस वाहू लागली. खोपोलीहून परळपर्यंतची सुमारे 43 मैलांची वाट मनोऱ्यांवरच्या तारांनी आक्रमिली. पुढे मात्र दाटीच्या वस्तीत मनोरे उभे करणे शक्य नव्हते. परळास दाब उतरवून वीज जमिनीखालच्या केबलींनी गिरण्यांच्या दारी नेली. त्या गिरण्यांत मागावर आणि साच्यावर कोण उभे होते, हे रत्नागिरीकरांस सांगावयास नकोच. मुंबईस बाहेरून आलेल्या वस्तीत त्या काळच्या शिरगणतीत आपलाच जिल्हा पहिला होता. गिरणीत तो होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीबाहेरच्या रस्त्याखाली, केबलीच्या खड्ड्यातही तोच होता, हे फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही.

मामा 1957 साली हेल्पर म्हणून लागले. त्या वेळी हेल्परला ‘मेट’ म्हणत. नऊ वर्षे त्यांनी उस्तादाच्या हाताखाली स्टोव्ह पेटवला, डाख वितळवला आणि पळ्या पुसल्या, तेव्हा कोठे सुरी हातात मिळाली. त्या काळची केबल कागदाची असे. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांवर तेलात मुरवलेल्या कागदी पट्ट्यांचे थर, त्यावर शिशाचे अखंड आवरण आणि त्यावर पोलादी चिलखत. कागद विजेला उत्तम अडवतो, पण कोरडा असेल तोवर. ओल शिरली की संपले. सांधा करावयाचा म्हणजे शिसे सोलावयाचे आणि तो कागद मुंबईच्या दमट हवेत उघडा करावयाचा! म्हणून खड्ड्यावर तंबू लावीत. तंबूत बसल्यावर पहिले काम ओल पाहण्याचे. चिमट्याने कागदाची एक पट्टी सोडवून ती कढत मेणात किंवा कंपाऊंडमध्ये बुडवावयाची. पट्टीला हात लावावयाचा नाही, कारण बोटांचा घामच फसवील. कागद कोरडा असेल तर मेण शांत राहते. ओला असेल तर फोडणीत ओली मिरची पडावी तसे ते तडतडते आणि फेस येतो. तडतडले की केबल हातभर मागे कापावयाची आणि पुन्हा पाहावयाचे. मामा सांगत की एकदा पावसाळ्यात ते असे सहा वेळा मागे गेले, तेव्हा कोरडा कागद सापडला.

त्यानंतर तारांची टोके तांब्याच्या नळीत समोरासमोर बसवावयाची आणि वितळलेला डाख पळीने वरून ओतावयाचा, खाली दुसऱ्या पळीत झेलावयाचा, पुन्हा ओतावयाचा, नळी आतून भरून येईपर्यंत. मग तिच्यावर कागदी पट्ट्या हाताने गुंडाळावयाच्या, अशा की मध्ये हवा राहू नये आणि सुरकुती पडू नये. ज्याच्या तळव्यांना फार घाम येतो त्याला हे काम देत नसत. त्यावर शिशाची नळी सरकवावयाची आणि तिची दोन्ही तोंडे केबलीच्या शिशाशी जोडावयाची. यालाच ‘वायपिंग’ म्हणत, आणि खरी उस्तादी येथे. दोन भाग शिसे आणि एक भाग कथील यांचा डाख थंड होताना एकदम घट्ट होत नाही. मधला काही काळ तो मऊ शिऱ्यासारखा राहतो. तेवढ्या वेळात चरबी लावलेल्या जाड कापडाने तो हातानेच फिरवून, पुसून गोलाकार बसवावयाचा. अधिक तापला तर ओघळतो, निवला तर भेगा पडतात. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. शेवटी नळीत कढत कंपाऊंड ओतावयाचे, आणि ते निवून आक्रसले की पुन्हा भरावयाचे, पुन्हा निवू द्यावयाचे.

हे पुन्हा पुन्हा भरणे कंटाळवाणे असते आणि सर्वांत महत्त्वाचेही तेच असते. आत मोहरीएवढी पोकळी राहिली तरी तीत हवा असते, आणि हवा कागदापेक्षा विजेला फार कमी अडवते. त्या पोकळीत सूक्ष्म ठिणग्या पडू लागतात. बाहेर आवाज नाही, दिवा मंद होत नाही. ठिणग्या कागद जाळीत राहतात, दोन महिने, दोन वर्षे, कधी दहा वर्षे, आणि एके रात्री सांधा फुटतो. या पोकळीवर मोठमोठ्यांनी डोके झिजवले. इटलीतल्या पिरेली कंपनीच्या एमानुएली नावाच्या इंजिनियराने तारेच्या मधोमध पोकळ वाट ठेवून तीत दाबाखाली तेल भरावयाची युक्ती काढली. म्हणजे पोकळीला जागाच उरू नये. त्या युक्तीने 1927 साली न्यूयॉर्क आणि शिकागो येथे 1,32,000 व्होल्टांची केबल जमिनीखाली गेली. या मोठ्या केबलींच्या सांध्यांत मी शिरत नाही. तो मामांचाही प्रांत नव्हता.

वर सांगितलेला कागदी सांधा पुरा व्हावयास एक पाळी पुरत नसे, आणि उघडा कागद टाकून घरी जाता येत नसे. आठ तासांची मागणी करणाऱ्या आम्हा युनियनवाल्यांची येथे मोठी पंचाईत होई. भोंगा झाला म्हणून जॉइंटर उठत नसे. त्याला कोणी धरून ठेवलेले नसे, सांध्याने धरून ठेवलेले असे. मालकाने याचा फायदा घेतला नाही असे मी म्हणणार नाही, कारण जादा तासांचे पैसे मागण्यासाठी मामांच्या खात्यात दोनदा हत्यारे खाली ठेवली गेली. पण दोन्ही वेळा उघडे सांधे आधी पुरे केले गेले आणि मग लोक बाहेर आले. शिशाचे दुखणे ही आणखी एक गोष्ट. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात शिशाची विषबाधा हा धंद्यातला रोग म्हणून पहिल्यापासून नमूद होता. तरीही हात धुवावयास खड्ड्याजवळ पाणी आणि साबण मिळावा ही साधी गोष्ट मागून घ्यावी लागली.

आता जे बदलले ते सांगतो. 1933 साली इंग्लंडमध्ये पॉलिथीनचा शोध लागला आणि 1960 नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत त्याचे कण एकमेकांत गुंतवून उष्णता सोसणारा प्रकार तयार झाला. आपल्याकडे या केबली रूढ झाल्यावर कागद, शिसे, चरबी, पळी सारे हळूहळू मागे पडले. आज सांध्याचे साहित्य खोक्यात बंद होऊन येते. आत नळ्या, पट्ट्या, मलम, पुसण्याची फडकी आणि चित्रांचा कागद. नळी आगीच्या ज्योतीने आक्रसून बसवावयाची. नव्या तऱ्हेच्या नळीला ज्योतही लागत नाही. शिशाचे विष गेले, कढत डाखाचे चटके गेले. हे चांगलेच झाले.

पण खोके पाहून असा समज पसरला की आता जॉइंटर लागतच नाही. 11,000 व्होल्टांच्या केबलीवर या पांढऱ्या प्लास्टिकचा थर असतो सुमारे साडेतीन मिलिमीटर. त्यावर एक काळा थर चिकटलेला असतो, तो सांध्यापुरता सोलून काढावा लागतो. सोलताना सुरी जरा खोल गेली की पांढऱ्यावर ओरखडा उठतो. डोळ्याला तो नखाच्या खुणेएवढा दिसतो, पण विजेला तेवढे पुरते. काळा थर जेथे संपतो त्या कडेवर विजेचा ताण एकवटतो, शिवणीच्या टोकाला कापड आधी फाटते तसा. तेथे ताण विभागणारी पट्टी नेमक्या जागी बसली पाहिजे. पुसावयाचे तेही पांढऱ्याकडून काळ्याकडे. उलट पुसले तर काळी भुकटी पांढऱ्यावर पसरते आणि विजेला वाट मिळते. मामा निवृत्त होण्यापूर्वी चार-पाच वर्षे या केबलीवर होते. ते म्हणत, “शिसे निदान ओरडून सांगायचे, मी बिघडलो म्हणून. हे प्लास्टिक हसत हसत फसवते.”

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. युनियनच्या कामात मी नवा असताना आम्ही हेल्परांच्या पगारवाढीसाठी भांडत होतो. वाटाघाटीत मी मोठ्या ऐटीत युक्तिवाद केला की आता काम खोक्यातून येते, हेल्परही सांधा करू शकतो, मग पगारात इतकी तफावत कशासाठी? मला टाळ्या पडल्या. समोरच्या अधिकाऱ्याने माझे म्हणणे शांतपणे लिहून घेतले. पुढच्या करारात त्याने तेच वाक्य आमच्यापुढे ठेवले. सांधा कोणीही करू शकतो, तर मग कायम जॉइंटर कशाला हवेत? काम ठेक्याने गेले. हेल्परांचा पगार वाढला नाही, जॉइंटरांची जागा मात्र गेली. मामा त्यानंतर कित्येक महिने माझ्याशी नीट बोलले नाहीत.

ठेक्याच्या कामाचा अर्थ मला पुढे कळला. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, घाटावरच्या एका शहरात, एका ठेकेदाराचा तरुण जॉइंटर बिघडलेली केबल कापावयास खड्ड्यात उतरला. नकाशावर तेथे एक केबल होती. खड्ड्यात दोन निघाल्या, दिसावयास सारख्या. त्याला जी बंद म्हणून दाखवली ती चालू होती. आता ती फेरांटीची छिन्नी आठवा. केबल कापण्यापूर्वी तिच्यात दुरून, जमिनीशी जोडलेला पोलादी खिळा ठोकून ती खरोखर मेलेली आहे याची खात्री करून घेण्याचे साधन असते. तत्त्व तेच, सव्वाशे वर्षांपूर्वीचे. फरक इतकाच की मूठ धरावयास माणूस लागत नाही. ते साधन त्या ठेकेदाराकडे नव्हते. मुलगा वाचला, दोन्ही हात मनगटापासून गेले. चौकशीत कामगाराचा निष्काळजीपणा असे लिहिले गेले. भरपाईच्या सुनावणीला मी त्याच्याबरोबर बसलो, तेव्हा ठेकेदाराचे हजेरीपत्रक पुढे आले. त्यात त्याचे काम लिहिले होते ‘खड्डा खणणे’. भरपाई पगारावर ठरते, आणि खणणाऱ्याचा पगार तो किती! तो जॉइंटर होता हे सिद्ध करावयास आम्हाला त्यानेच पूर्वी केलेला एखादा सांधा दाखवावयाचा होता. कोणता सांधा कोणी केला याची नोंदच कोठे नव्हती. चार वर्षे लढून आम्ही अर्धे मिळवले.

मामांच्या खात्यात अशी नोंद असे. प्रत्येक जॉइंटरला एक आकडा दिलेला होता, आणि सांधा पुरा झाला की शिशाच्या पट्टीवर तो आकडा आणि तारीख ठोकून ती पट्टी सांध्याला बांधीत. कचेरीत वहीवर तेच उतरे. माझ्यासारख्याला प्रथम ही पाळत वाटे. मामांना ती पाळत वाटत नसे. सांधा दहा वर्षांनी फुटला तर विचारावयास तुमच्याकडेच येणार, आणि फुटला नाही तर तोही तुमचाच. ओल पाहताना सहाव्यांदा मागे जाण्याचे धैर्य त्यांना त्या पट्टीने दिले असावे असे मला वाटते, कारण घाई करा म्हणणाऱ्या साहेबाचा आकडा तिच्यावर नसे.

आता आपल्या रत्नागिरीकडे येतो. जांभा खणून केबली घातल्या जातात. जून ते सप्टेंबर ती जमीन पाण्याने भरलेली असते, आणि खाडीच्या काठाला ते पाणी खारे. या मातीतला सांधा मुंबईच्या सांध्याहून अवघडच असणार. दोष झाला तर शोधून, खणून, कोरडे करून, नवा तुकडा घालून दोन सांधे करावे लागतात. खांब उभा करण्यापेक्षा हे काम सावकाश चालते. 1998 साली न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहराच्या मध्यवस्तीला वीज देणाऱ्या चारही मोठ्या भूमिगत केबली काही आठवड्यांत एकामागून एक निकामी झाल्या. सधन देश, सारी साधने हाताशी. तरीही तो भाग सुमारे पाच आठवडे धड विजेवाचून राहिला. आपल्यावर असा प्रसंग येईलच असे मी म्हणत नाही. येथे केबली लहान आणि दाब कमी. परंतु गणपतीच्या आधी आठ दिवस सांधा फुटला, तर तो करणारा माणूस जिल्ह्यात आहे की त्याला कोल्हापूरहून किंवा मुंबईहून बोलवावयाचे, एवढा प्रश्न तरी आज विचारून ठेवला पाहिजे. आमच्या युनियनने तीन गोष्टी मागितल्या आहेत. प्रत्येक सांध्याची जागा, तारीख आणि करणाराचे नाव लिहिलेली वही. ठेक्यावरच्या जॉइंटरच्या हजेरीपत्रकात ‘जॉइंटर’ हा शब्द. आणि येथल्याच पोरांना औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत या कामाचे शिक्षण. पहिल्या मागणीवर “बघू” असे उत्तर मिळाले आहे, दुसरीवर अजून काहीच नाही. तिसरीबद्दल एका प्राचार्यांनी आपण होऊन चौकशी केली.

मामा निवृत्त झाल्यावर भाट्यास येऊन राहिले. काही वर्षांनी त्यांच्या जुन्या मेटाचा मुंबईहून निरोप आला की लालबागेकडचा एक जुना कागदी फीडर काढून नवा घालताहेत. मामा सत्तरीच्या घरात होते. रात्रीच्या गाडीने गेले. त्यांचे सांधे खड्ड्यातून निघत होते आणि शिसे किलोवर विकावयास ट्रकवर चढत होते. मुकादम ओळखीचा नव्हता, तरी त्याने त्यांना बसावयास खोके दिले. तिसऱ्या दिवशी एक सांधा निघाला, 1968 सालचा. तो कधी फुटला नव्हता. मुकादमाने पट्टी कापून त्यांच्या हातात दिली. मामा गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. आज येताना मी ती बरोबर आणली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर पुढे यावे. आकडा अजून वाचता येतो.